सतरा इंचांत बसवलेलं बाथरूम

मी सिव्हिल इंजिनिअर. नव्या बाथरूमचं काम बघायला गेलो तेव्हा वहिनींनी टेबलावर मोरबीच्या टाइल्सचे तीन कॅटलॉग मांडून ठेवले होते. नातवाच्या मोबाइलवर छतातून पाऊस पडावा तसं पाणी सोडणाऱ्या शॉवरचा फोटो होता. दादांच्या हातात वहीचं फाडलेलं पान होतं, त्यावर वर 'बजेट' लिहिलेलं आणि खाली काहीच नाही. मी चहा घेतला आणि म्हणालो, आधी परसातल्या सेप्टिक टाकीचं झाकण दाखवा. वहिनींनी कॅटलॉग मिटले. पाहुण्याला घर दाखवायला घ्यावं आणि त्यानं आधी उकिरड्याची चौकशी करावी, तसा त्यांचा चेहरा झाला.

कऱ्हाडपासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. घर १९८६ सालचं, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. गावात भुयारी गटार नाही. घराच्या मागे अंगण ओलांडून पंचवीस फुटांवर जुना संडास आणि मोरी. मधल्या वाटेवर शहाबादी फरशी. जानेवारी २०२४ मध्ये पहाटे त्या फरशीवर आजींचा पाय घसरला. वय चौऱ्याहत्तर, डाव्या खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला. पुढचे काही महिने त्या साताऱ्याला लेकीकडे राहणार होत्या. घरी परत येतील त्या वॉकर घेऊन, आणि अंगण ओलांडून संडासला जाणं तर आता कायमचं बंद. म्हणजे बाथरूम घरात हवं होतं, आजींच्या खोलीपासून दहा पावलांत, आणि पावसाळ्याच्या आत.

जागा कुठली, यावर घरात आधीच दोन तट पडले होते. दादांना आजींच्याच खोलीचा कोपरा भिंत घालून वेगळा काढायचा होता. मोजलं तर चार फूट बाय पाच फूट निघत होतं. वॉकर घेऊन आत गेलेला माणूस तिथे वळूच शकला नसता, उलटं चालत बाहेर आला असता. राष्ट्रीय बांधकाम संहितेत संडास-बाथरूम एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे तीस चौरस फूट जागा सांगितली आहे, आणि तीही धडधाकट माणसासाठी. वहिनींनी हळूच कोठीच्या खोलीचं नाव काढलं. सव्वासहा फूट बाय आठ. एकेकाळी तिथे कणग्या होत्या, आता ज्वारीची चार पोती, पितळी डब्यांची उतरंड आणि एक लोखंडी कॉट. दार मधल्या बोळात उघडणारं, समोर आजींची खोली. पन्नास चौरस फूट. याहून चांगली जागा मी सुचवूच शकलो नसतो.

अडचण एकच होती. कोठीची पूर्वेची भिंत आणि देवघराची भिंत एक. दादांचे पुण्याचे थोरले भाऊ फोनवर म्हणाले, "देवाच्या पाठीला संडास? आईला विचारलंत का?" अशा वेळी मी वास्तुशास्त्राचा वाद घालत नाही. मला पाइप कुठून न्यायचाय ते आधी बघतो. घराबाहेरची भिंत पश्चिमेची, टाकी उत्तरेला परसात. म्हणजे कमोड पश्चिमेच्या भिंतीलाच लागणार होता, देवघरापासून सगळ्यात लांब. देवघराच्या भिंतीला फक्त हात धुवायचं बेसिन. भावांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी त्यांचं ऐकलं. मी तसंच वाटू दिलं.

झाकण उघडल्यावर

टाकी अकरा वर्षांत उपसलेली नव्हती. दोन-तीन वर्षांनी उपसावी असं सगळे सांगतात आणि 'भरलीच नाही अजून' म्हणून कुणी करत नाही. टाकी भरत नसते, गाळ साचत जातो आणि पाणी थांबायची जागा कमी होते. मग न कुजलेली घाण शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा तुंबतो. मैला उपसणारी गाडी बोलावली. दादांनी ओळखीचा एक माणूस 'आत उतरून साफ करतो' म्हणून आणला होता, त्याला परत पाठवलं. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे. पण कायदा नसता तरी मी कुणाला उतरू दिलं नसतं, टाकीतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत पडतो.

टाकी रिकामी झाल्यावर मला हवा होता तो आकडा मिळाला. लेव्हल ट्यूबचं, म्हणजे पातळी मोजायच्या पाणी भरलेल्या नळीचं, एक टोक कोठीच्या फरशीवर, दुसरं टाकीच्या तोंडाशी. टाकीत शिरणाऱ्या पाइपचा तळ घराच्या फरशीपेक्षा सतरा इंच खाली होता. एवढीच काय ती माझ्याकडची पुंजी. कमोडच्या जागेपासून टाकीपर्यंत पाइपची लांबी बत्तीस फूट, म्हणजे ३८४ इंच.

आता सतरा इंच ऐकायला पुष्कळ वाटतात. पण घर बांधलं तेव्हा जोतं अंगणापासून दोन फूट उंच असावं, मागच्या पायऱ्यांच्या खुणा अजून दिसतात. नंतर अंगणात मुरूम पडला, मग फरशी, मग त्या फरशीवर काँक्रीट. आता अंगण घराच्या फरशीपेक्षा जेमतेम सहा इंच खाली आहे. आपल्याकडे अंगण दर लग्नाला वर येतं.

चार इंची मैल्याच्या पाइपला साठात एक (साठ इंच लांबीला एक इंच) ते चाळीसात एक असा उतार हवा. त्याहून कमी असेल तर मैला मध्येच बसतो. त्याहून जास्त असेल तर पाणी पुढे पळून जातं आणि मैला मागे राहतो, असं जुने लोक सांगतात, आणि तीव्र उताराच्या तुंबलेल्या लाइनी मीही काढल्या आहेत. कमोड दोन प्रकारचे मिळतात. एकाचा सापळा, म्हणजे वास अडवणारा पाणी भरलेला बाक, खाली जमिनीत जातो, त्याला एस ट्रॅप म्हणतात. दुसऱ्याचा मागे भिंतीतून निघतो, तो पी ट्रॅप. इकडच्या दुकानांत एस ट्रॅप सर्रास मिळतो आणि गवंड्याच्या हाताला तोच बसलेला. तो घेतला असता तर फरशीखालचा बाक, भिंत पार करणं, सगळं धरून पाइपचा तळ सुरुवातीलाच फरशीच्या साडेदहा इंच खाली गेला असता. उरले साडेसहा इंच. ३८४ ला साडेसहानं भागा, एकोणसाठात एक. नियमात बसतं, पण अगदी काठावर. आणि इथली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यात ठेवलेला पाइप काठावर राहत नाही, एखाद्या वर्षी पोट काढतोच.

पी ट्रॅपचं तोंड फरशीच्या वर सात-सव्वासात इंचांवर असतं. तिथून भिंतीतून बाहेर, बाहेर बाक घेऊन खाली. सुरुवातीचा तळ फरशीखाली साडेआठ इंचांवर आणता आला. उरले साडेआठ इंच, म्हणजे पंचेचाळीसात एक. शिवाय सगळ्यात अवघड जोड फरशीखाली पुरलेला नाही, भिंतीबाहेर उघडा आहे. उद्या तुंबलं तर टाइल फोडावी लागणार नाही. एवढ्या दोन इंचांसाठी मी कमोड कऱ्हाडहून न घेता कोल्हापूरहून मागवला आणि काम चार दिवस थांबवलं. दादा थोडे वैतागले.

याचा एक परिणाम असा झाला की पाइप सुरुवातीला अंगणाच्या वरच डोकावत होता, जवळजवळ दोन इंच. तो भिंतीलगत काँक्रीटमध्ये झाकून वर अरुंद कट्टा केला. वहिनींनी आता त्यावर कुंड्या ठेवल्या आहेत आणि आलेल्यांना तो कट्टा कुंड्यांसाठीच केलाय असं वाटतं.

गवंड्याचा उपाय याहून सोपा होता. "साहेब, बाथरूम चार इंच उचलून घेऊ, बिनघोर होईल." नव्वद टक्के घरांत हेच करतात आणि म्हणूनच नव्वद टक्के घरांत बाथरूमला पायरी असते. पण ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिला वॉकर चार इंच उचलायला सांगणं म्हणजे तिला पुन्हा एकदा पाडायची सोय करणं. मी गवंड्याला वॉकर घेऊन दारातल्या उंबऱ्यावरून चालून दाखव म्हटलं. तो हसला, मग चालला, मग म्हणाला, "नको उचलायला."

आंघोळीचं पाणी वेगळं काढलं. मोरीचं पाणी टाकीत सोडायचं काही कारण नसतं. त्यानं टाकीत पाणी पुरेसं थांबत नाही, आणि साबण-फिनेल तिथल्या जंतूंच्या मुळावर येतं. न्हाणीच्या कोपऱ्यातला ट्रॅप उत्तरेच्या भिंतीतून बाहेर, गली ट्रॅपमध्ये (भिंतीबाहेरच्या जाळीच्या सापळ्यात), तिथून जुन्या मोरीच्या पन्हाळीत. त्या पन्हाळीच्या टोकाला आजींचं अळू आहे, तीसेक वर्षांचं. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांत या सापळ्याचं नाव 'नहाणी ट्रॅप' असंच छापलेलं असतं. कॉलेजात हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला उगाच बरं वाटलं होतं.

बादली कुठे ठेवायची

बाथरूमचे तयार आराखडे शॉवरखाली उभ्या राहणाऱ्या माणसासाठी काढलेले असतात. आजी आयुष्यात शॉवरखाली उभ्या राहिलेल्या नाहीत. त्या पाटावर बसून, समोर बादली, हातात तांब्या, अशी आंघोळ करतात. घरातली बाकीची माणसंही तशीच करतात, नातू सोडून. आता डॉक्टरांनी पाट बंद केलेला. सांधा बदलल्यावर निदान सुरुवातीचे काही महिने खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, म्हणजे खाली बसायचं नाही आणि बसल्या जागेवरून पुढे वाकायचंही नाही.

घरच्यांनी यावर उंच प्लॅस्टिकचं स्टूल आणून ठेवलं होतं. मी वहिनींना म्हटलं, तुम्ही त्यावर बसा आणि जमिनीवरच्या बादलीतून तांब्याभर पाणी घेऊन दाखवा. त्या वाकल्या आणि वाकल्यावरच त्यांच्या लक्षात आलं. पाट गेला पण बादली तिथेच राहिली, तर आजी दिवसातून वीस वेळा तेच करणार जे डॉक्टरांनी करू नका म्हटलंय.

म्हणून बादलीला कट्टा केला. न्हाणीच्या बाजूला दहा इंच उंच, चौदा इंच खोल, दोन फूट लांब, वर कडप्पा, कडा घासून गोल. वीस लिटरच्या बादलीची उंची तेरा-चौदा इंच असते, म्हणजे बादलीचा काठ जमिनीपासून दोन फुटांवर आला. आसन अठरा इंचांवर. बसल्यावर काठ मांडीच्या थोडा वर, कोपर न उचलता तांब्या बुडतो. नळाची तोटी तीस इंचांवर, बादलीच्या काठाच्या सहा इंच वर, बादली उचलायची गरजच नाही. हे सगळे आकडे मी कागदावर नाही काढले. साताऱ्याला जाऊन आजींना खुर्चीवर बसवून, विटा रचून, त्यावर बादली ठेवून काढले. जावईबापू दारात उभे राहून बघत होते, त्यांना वाटलं हा इंजिनिअर की शिंपी.

त्याच भेटीत आजींच्या गुडघ्यामागची उंची मोजली. सतरा इंच. या कामात हा आकडा असा दोनदा आला. आसन गुडघ्यापेक्षा किंचित उंच असलं की उठताना खुब्यावर जोर कमी येतो. बाजारातला साधा कमोड बैठक धरून सोळा इंचांच्या आसपास भरतो. वर बसवायची उंच प्लॅस्टिकची बैठक मिळते पण ती हलते. आम्ही कमोडच्याच तळाच्या मापाचा दोन इंची काँक्रीटचा ठोकळा खाली घातला. मैल्याच्या पाइपला त्यामुळे आणखी दोन इंच मिळाले, ते मी हिशोबात धरले नाहीत, बाजूला ठेवले.

कमोड दक्षिणेच्या भिंतीपासून मध्याला दीड फुटावर. त्या भिंतीला उजव्या हाताशी स्टीलचा एल आकाराचा दांडा, डाव्या हाताला मागच्या भिंतीवरून खाली पडणारा घडीचा दांडा. न्हाणीत आसनाशेजारी एक उभा. दांडे कुठे येणार हे टाइल्स लावायच्या आधी भिंतीवर खडूनं काढलं होतं. तेवढ्या भागात टाइलमागे एक बोटही पोकळ जागा राहू द्यायची नाही, असं फरशीवाल्याला दोनदा सांगितलं. दांडा टाइलला धरत नाही, टाइलमागच्या विटेला धरतो. टाइलमागे हवा असेल तर पहिल्या जोराला टाइल तडकते. लावून झाल्यावर मी नाण्यानं ठोकत गेलो, एका ठिकाणी डबडब आवाज आला, ती टाइल काढून पुन्हा बसवली. नंतर मी स्वतः प्रत्येक दांड्याला लटकलो. माझं वजन सांगत नाही, पण आजींच्या दीडपट नक्की आहे.

नातवाचा पावसाचा शॉवर झाला नाही. पाण्याला जोर उंचीनं येतो, दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). या घराची टाकी स्लॅबवर तीन फूट उंच. शॉवरच्या तोंडापासून टाकीचा तळ सात फुटांवर, म्हणजे पाव बारसुद्धा नाही. ताटाएवढ्या शॉवरमधून पाणी थेंबथेंब गळलं असतं. पंप लावता आला असता, पण बोअरचं पाणी जड आहे, सहा महिन्यांत क्षारांनी भोकं बुजली असती. साधा हँड शॉवर दिला. तो बारीक भोकांतून बरी धार देतो आणि आजींच्या पाठीला वहिनींना उपयोगी पडतो. नातू आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

गरम पाण्याचा प्रश्न मात्र खरोखर विचार करण्यासारखा होता. छतावर सोलर होता, पण मागच्या मोरीच्या बाजूला. तिथून इथवर पाइप वीस मीटर. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरला पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे दर वेळी पाच लिटर गार पाणी सोडून द्यायचं, मग गरम येणार. पाच जणांच्या घरात पंचवीस लिटर. त्याऐवजी न्हाणीतच पंधरा लिटरचा गिझर. सगळ्यांना वाटलं लहान पडेल. हिशोब करून दाखवला: गिझरचं पाणी साठ अंशांचं, नळाचं बावीस, आंघोळीला चाळीस लागतं. पंधरा लिटरचं बत्तीस लिटर होतं, दीड बादली. दोन किलोवॅटचा हीटर ते वीस मिनिटांत पुन्हा तापवतो. वायरमननं चार चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. घराला अर्थिंग होतं, म्हणजे एक तार जमिनीत गेलेली होती, ती खाली गंजून तुटलेली. नवीन केलं.

फरशी फोडली तेव्हा

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी काम सुरू केलं. मी अठरा दिवस सांगितले होते, बत्तीस लागले. गवंडी आणि दोन्ही बिगारी चैत्री पौर्णिमेला आपापल्या गावच्या यात्रेला गेले ते पाच दिवसांनी आले, एक जण तमाशा बघून आवाज बसवून. ७ मेला मतदान. कमोडचे चार दिवस माझ्यामुळे. बाकीचे जमिनीनं घेतले.

कोठीची शहाबादी उचलली तर खाली हात जाईल एवढी पोकळी. १९८६ साली जोत्यात मुरमाऐवजी पाया खणताना निघालेली काळी मातीच परत भरली होती. ती वर्षानुवर्षं आकसत खाली बसली आणि फरशी वर अधांतरी राहिली. पोत्यांच्या ओझ्यानं तुटली कशी नाही, हेच नवल. दीड फूट माती काढली, मुरूम भरला, सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून धुम्मस केली, त्यावर चार इंच काँक्रीट. दादा म्हणाले, "एवढा खर्च जमिनीत गेला, दिसणार काहीच नाही." खरं होतं.

दार अडीच फुटांचं होतं, तीन फुटांचं केलं. चौकट वजा जाता बत्तीस इंच मोकळे मिळाले. वरची लिंटेल (दारावरची आडवी तुळई) पुरेशी लांब होती, दोन्हीकडे सहा-सहा इंच टेकू राहिला. नसता राहिला तर मी हात लावला नसता, कारण या घरात भिंतीच स्लॅब पेलतात. त्याच कारणानं पाइपसाठी आडव्या झिऱ्या मारू दिल्या नाहीत. जे जायचं ते उभं, वरून खाली. प्लंबरला हे पटलं नाही, त्याचा पाइप जास्त लागला. उत्तरेला दोन फूट बाय दोन फूट खिडकी नव्यानं फोडली, वर तयार लिंटेल सरकवून. दार बाहेर उघडतं. आत माणूस पडला आणि दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार कुणाला उघडता येत नाही. कडी अशी, की बाहेरून नाण्यानं फिरते.

पाणी रोखायचं काम मी कधी कुणावर सोपवून घरी जात नाही. भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलाई, केला. त्यावर दोन घटक मिसळून लावायचं सिमेंट-पॉलिमरचं लेपण, दोन हात, एक आडवा एक उभा. न्हाणीत भिंतीवर सात फुटांपर्यंत, बाकी फूटभर. सुकल्यावर ट्रॅपला बोळा घालून तीन इंच पाणी भरलं आणि भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी रेघेच्या इंचभर खाली. गवंडी म्हणाला, "उन्हाळा हाय, आटलं आसंल." शेजारी बादलीत तेवढंच पाणी ठेवलेलं होतं, ते जागच्या जागी. तळमजला आहे, खाली कुणाचं घर नाही, सोडून देता आलं असतं. पण खाली काळी माती आहे, तिला रोज पाणी मिळालं तर ती फुगणार आणि आमचीच फरशी उचलणार. शिवाय ओल देवघराच्या भिंतीत चढली असती आणि थोरल्या भावांनी त्याचं कारण वेगळंच काढलं असतं. शोधलं तर ट्रॅपच्या मानेभोवती काँक्रीट आकसून केसाएवढी फट पडलेली. गळती बहुतेक वेळा तिथेच असते. खरवडून न आकसणाऱ्या ग्राउटनं भरलं, पुन्हा लेपण, पुन्हा पाणी, पुन्हा रेघ. अठ्ठेचाळीस तास पाणी हललं नाही.

जमिनीला उतार एकाच दिशेनं, दारापासून न्हाणीच्या भिंतीकडे, आठ फुटांत सव्वा इंच. फरशीवाले चारी बाजूंनी ट्रॅपकडे उतार काढतात, दिसायला ते बरं दिसतं. पण त्यात वॉकरचे चार पाय चार वेगळ्या पातळ्यांवर येतात आणि तो डुगडुगतो. दारात अर्धा इंच फरक, ग्रॅनाइटची पट्टी तिरकी घासून. टाइल्स शेवटी वहिनींच्याच आवडीच्या लागल्या, एक बदल सोडून. जमिनीची त्यांना चकचकीत पांढरी हवी होती. मी दुकानात दोन्ही टाइल्सवर पाणी आणि साबणाचा फेस ओतला आणि त्यांना चप्पल काढून उभं राहायला सांगितलं. त्यांनी खरखरीत करडी घेतली. भिंतीच्या टाइल्स फिक्या आणि जमीन गडद, हे मात्र मुद्दाम. आजींची नजर अधू आहे, पांढऱ्या जमिनीवर पांढरा कमोड त्यांना दिसला नसता.

सगळा खर्च दोन लाखांच्या आसपास गेला. पाइप, चेंबर (पाइप तपासायचे झाकणाचे हौद), खोदाई, मुरूम, काँक्रीट, लेपण आणि त्याची मजुरी यांत निम्म्याहून थोडा जास्त. टाइल्सचा माल त्यात बारा-तेरा हजारांचा, म्हणजे ज्या गोष्टीवर घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती सगळ्यात स्वस्तात झाली.

आजी घरी आल्यावर

मे महिन्याच्या शेवटी आजी आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी वॉकर घेऊन बाथरूम पाहिलं, दांडे पाहिले, म्हणाल्या, "एस्टीसारखं केलंय." आसन म्हणून मी भिंतीला घडीची बैठक लावली होती, चांगल्या कंपनीची, पाच हजारांची. ती त्यांना पाय नसल्यामुळे भरवशाची वाटत नाही. त्या वहिनींनी आणलेल्या त्याच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसतात, आम्ही त्याच्या पायांना रबरी टोपणं घालून दिली. बैठकीवर साडी ठेवतात. बादलीच्या कट्ट्याला मात्र त्यांनी नावं ठेवली नाहीत. वहिनी तिथे उभ्यानं बारीकसारीक कपडे धुतात, आणि नातू त्यावर बसून मोबाइल बघतो असं ऐकतो.

जुलैत दादांचा फोन आला. बाथरूममध्ये वास येतोय, पाइप फुटला वाटतं. मी विचारलं, बेसिनच्या खालचा छोटा ट्रॅप कुणी वापरतं का? नव्हतंच वापरत. दाराजवळचा कोरडा भाग धुता यावा म्हणून तो दिला होता आणि ती जमीन कुणी धूतच नव्हतं, पुसत होते. ट्रॅपमधलं दोन इंच पाणी हेच वासाचं झाकण असतं, ते आटलं की गटार आणि खोली एक. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता, एवढंच सांगितलं. वास गेला. हे काम सोपवतानाच सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

दुसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. दिवाळीत गेलो तेव्हा पहिल्या चेंबरचं झाकण उघडून पाहिलं. खाली मुरूम आणि काँक्रीट घालूनही चेंबर पावसाळ्यात एका बाजूला पाव इंच कलला आहे. पाइप चेंबरला मिळतो तिथे मी रबरी कडीचा सैल जोड दिला होता, त्यामुळे काही तुटलेलं नाही आणि पाणी व्यवस्थित वाहतंय. साडेआठ इंचांतला पाव इंच गेला. दादांना दाखवला, वहीत तारीख घालून लिहून ठेवला. आणखी एक पावसाळा झाला की लेव्हल ट्यूब घेऊन पुन्हा जायचं आहे. निघताना आजींनी अळूची जुडी दिली आणि म्हणाल्या, पाणी बदलल्यापासून पानं मोठी येतात. साबण तोच आहे, पाणी तेच आहे. मी काही बोललो नाही.